दवंडी

दोस्तांनो, आपल्यातले किती जण सरकारी नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचतात? मी वाचत नव्हतो. बी.ए. झालोय, मार्क्स वाचलाय, बाबासाहेबांचे खंड घरात आहेत, चळवळीत दहा वर्षं घासलीत. पण सरकारचा कागद हातात आला की वरचा मथळा बघायचा, खालची तारीख बघायची आणि मधलं सगळं गिळून टाकायचं, ही सवय. ही सवय किती महागात पडते ते उधव्याला कळलं.

उधवा तलासरी तालुक्यात. डहाणूपर्यंत लोकल, पुढं एस्टी, शेवटी जीप. लाल बावट्याचा मुलूख. पलीकडं दादरा-नगर हवेलीची हद्द, त्यापलीकडं सिल्वासा आणि वापीच्या कंपन्या. पाड्यावरची पोरं पहाटे टेम्पोत कोंबून तिकडं कामाला जातात, कंत्राटदाराच्या वहीत नुसता आकडा म्हणून. आम्ही चौघं गेलो होतो अभ्यासवर्गाला. जयभीम झाला, जोहार झाला, चहा झाला. तेवढ्यात एक वारली म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा घेऊन आला. खाटेच्या कडेवर टेकला, म्हणाला, दादा, तुम्ही शिकलेली माणसं, यात काय लिहिलंय तेवढं सांगा.

कागद होता लष्करभरतीचा. अग्निवीर. बारीक टाइप, पानंच्या पानं, इंग्रजीत. पोरगा एकोणीस वर्षांचा, दहावी पास, सिल्वाशाला एका कारखान्यात कंत्राटी. एका कॉम्प्युटरवाल्यानं त्याला सांगितलं होतं की तुझी उंची कमी आहे, तुझं काही होणार नाही, तरी भरायचा तर पाचशे रुपये दे. म्हाताऱ्याचे प्रश्न दोनच. पोरगा घेतात का? आणि घेतला तर परत कधी येतो?

आम्ही चौघं. दोन पदवीधर, एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, एक मी. त्या दोन प्रश्नांची उत्तरं काढायला आम्हाला तीन तास लागले. पोरगा उन्हात उभा, म्हातारा खाटेवर, आणि आम्ही मोबाईलवर शब्दांचे अर्थ बघतोय. लाज वाटली. खरं सांगतो, साली लाज वाटली.

आता उंचीची गोष्ट ऐका. महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण उमेदवाराला जनरल ड्युटीसाठी १६८ सेंटिमीटर लागतात. कॉम्प्युटरवाल्यानं तेवढंच वाचलं होतं, किंवा तेही ऐकीव. पण त्याच कागदात आत एका तक्त्यात सवलती दिल्यात, आणि मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्या आदिवासींसाठी उंची १६२ आहे. पोरगा १६४. म्हणजे जो हक्क त्याला कागदावर दिलेला होता तोच त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. पोचला होता तो नकार. आणि फी? परीक्षेची फी उमेदवाराकडून २५० रुपये. पाचशे नव्हे.

कागद असा काम करतो. सक्ती असते ती बरोबर दारात येते, सवलत असते ती तक्त्यात झोपून राहते.

हे असंच होतं असं नाही, असं करून ठेवलेलं आहे. जुन्या काळी सरकारचा हुकूम गावात कसा यायचा? दवंडीनं. आणि दवंडी कोण पिटायचं? आपणच. महारकीच्या कामांतलं ते एक काम. मेलेली ढोरं ओढा, सरकारी खजिन्यासोबत पायी चाला, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळा आणि चावडीचा हुकूम गल्लीगल्लीत ओरडून सांगा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते ही गुलामी मोडायला. बरं झालं मोडली. त्या वतनाचं रडगाणं मी गात नाही; भाकरतुकड्याच्या बदल्यात घसा फोडून घ्यायचा धंदा तो. पण एक गोष्ट मान्य करा. दवंडीवाला जे ओरडायचा ते गावाला कळायचं. ‘उद्या तळ्याकडं जायचं नाही होऽऽ’. संपलं. त्यात ज्याअर्थी नव्हतं, त्याअर्थी नव्हतं.

मग दवंडी गेली आणि कागद आला. आधी इंग्रजीत. १९६४ साली महाराष्ट्रानं राजभाषेचा कायदा केला, मराठीत कारभार करू म्हणाले. आपल्याला वाटलं आता कळेल. पण इंग्रजीचं कुलूप काढलं आणि त्याच कडीला संस्कृतचं लावलं. अधिसूचना, तद्नुषंगाने, उपरोक्त, प्रतिबंधित क्षेत्र, सक्षम प्राधिकारी. ही कुणाची मराठी? धारावीची? तलासरीची? ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांना अक्षर बघू दिलं नाही त्यांनीच कोश लिहिले आणि त्यालाच मराठी म्हटलं. तलाठ्याच्या कचेरीतला कागद तरी माणूस तलाठ्याला विचारू शकतो, चहापाणी देऊन का होईना. लष्कराचा कागद आला की तेही बंद. तिथं विचारणारा माणूसच संशयित. देशाचा प्रश्न आहे म्हटलं की सगळी तोंडं मिटतात. म्हणून लष्कराचा कागद सगळ्यात आधी उघडून वाचला पाहिजे.

तर म्हाताऱ्याचा दुसरा प्रश्न. पोरगा परत कधी येतो?

चार वर्षांनी. १४ जून २०२२ ला सरकारनं अग्निपथ योजना जाहीर केली. शिपायाच्या पातळीवरची भरती तेव्हापासून याच वाटेनं. तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस. पहिल्या वर्षी बोंबाबोंब झाली म्हणून तेवढ्यापुरतं तेवीस केलं. चार वर्षं, त्यातच प्रशिक्षण. चार वर्षांनंतर ‘पंचवीस टक्क्यांपर्यंत’ जवान कायम करणार. या ‘पर्यंत’वर बोट ठेवा. सरकारी भाषेत सगळ्यात लबाड शब्द कुठला विचाराल तर मी ‘पर्यंत’ सांगेन. पंचवीस टक्के असं ते म्हणत नाहीत. पंचवीसच्या वर नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पुढं स्वच्छ लिहिलंय की कायम होण्याचा कुणाला हक्क नाही. म्हणजे एका बाकावरची चार पोरं गेली तर तीन नक्की परत, चौथ्याचं त्यांच्या मर्जीवर.

पैसे. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, दुसऱ्या वर्षी तेहतीस, तिसऱ्या वर्षी साडेछत्तीस, चौथ्या वर्षी चाळीस. हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात. पण यातले तीस टक्के दर महिन्याला कापून सेवानिधीत. हातात पडतात पहिल्या वर्षी एकवीस हजार, चौथ्या वर्षी अठ्ठावीस. वर धोका-भत्ता, शिधा, कपडे, प्रवास हे नियमाप्रमाणे. पण महागाई भत्ता नाही आणि जुन्या शिपायाला मिळणारा लष्करी सेवा वेतन नावाचा भाग नाही. चार वर्षांत पोराच्या पगारातून कापलेले होतात पाच लाख दोन हजार. सरकार तेवढेच घालतं. व्याज धरून हातात येतात सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार. ‘सरकार तरुणाला बारा लाख देणार’ म्हणून टीव्हीवर जे नाचत होते त्यांना विचारा, त्यातले पाच लाख कुणाच्या घामाचे? पोराचे स्वतःचे. आणि पोरगा मधेच स्वतःहून बाहेर पडला तर फक्त त्याचा कापलेला पैसा आणि व्याज. सरकारचा हिस्सा सरकारकडं.

पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिक म्हणून दर्जा नाही, म्हणजे त्या दर्जाबरोबर येणारं दवाखाना-कँटीन नाही. चार वर्षं लग्न करायचं नाही. सैन्यात त्याचा हुद्दाही वेगळा, कुठल्याही जुन्या हुद्द्यात न बसणारा. मेला तर ४८ लाखांचा विमा, त्याचा हप्ता पोराकडून घेत नाहीत, हे खरं, आणि तेही सांगितलं पाहिजे. कामाच्या कारणानं मेला तर वर ४४ लाख सानुग्रह, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचा पगार. पण घरच्यांना कौटुंबिक पेन्शन नाही. अपंग झाला तर अपंगत्व पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के की शंभर टक्के यावर १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी. म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी पाय गेला तर उरलेली पन्नास वर्षं त्या एका चेकवर काढायची.

२०२३ च्या ऑक्टोबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा एक अग्निवीर सियाचीनमध्ये गेला. ड्युटीवर मरण पावलेला पहिला अग्निवीर म्हणून त्याची बातमी झाली. घरच्यांना काय मिळणार यावरून देशभर आरडाओरडा झाला तेव्हा लष्करानं रक्कम-रक्कम उलगडून निवेदन काढलं: विमा एवढा, सानुग्रह एवढा, निधी एवढा. साधं, सरळ, कुणालाही कळेल असं. म्हणजे त्यांना साधं लिहिता येतं! फक्त पोरगा मेल्यावर. भरतीच्या वेळी तेच साधं पान पोराच्या बापाच्या हातात ठेवायला कुणाचा हात धरला होता? पुढच्याच वर्षी, १० ऑक्टोबर २०२४ ला, देवळालीला तोफखान्याच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. नाशिकजवळ. युद्धबिद्ध काही नाही. सराव.

मी पोराला जाऊ नको म्हणालो का? नाही. कोण मी? सिल्वाशाच्या कंत्राटदाराकडं विमा नाही, रजा नाही, बोट तुटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा उभा. त्या हिशेबात हातात एकवीस हजार, पोटभर जेवण आणि वर्दी ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या चाळीत बसून ‘सैन्य म्हणजे सत्ताधाऱ्यांचं हत्यार’ असं वाक्य फेकणं सोपं असतं. ते वाक्य उधव्यात त्या बापापुढं बोलायचं माझं धाडस झालं नाही. पण सही करायच्या आधी त्याला माहीत पाहिजे की ही नोकरी कंत्राटीच आहे. मालक बदलला. करार तोच.

आणि जात? कागदपत्रांच्या यादीत जातीचा दाखला आहे. २०२२ च्या जुलैत यावरून गोंधळ झाला तेव्हा संरक्षणमंत्री म्हणाले, ही पद्धत आधीपासूनची आहे, नवीन काही नाही. कबूल. पण आमचा साधा प्रश्न तसाच राहतो. लष्करभरतीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. जागा राखून देत नाही, मग दाखला मागता कशाला? २०१३ साली लष्करानं सुप्रीम कोर्टात सांगितलं की आम्ही जात बघून भरती करत नाही, पण प्रशासनाच्या आणि लढाईच्या सोयीसाठी काही पलटणींत एका गटाची माणसं एकत्र ठेवतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. जात बघत नाही, पण सोयीसाठी बघतो. आपल्या गावातल्या पाटलालाही अस्पृश्यता पाळायची नव्हती हो, फक्त पाणवठ्याच्या सोयीसाठी वेगळा घाट.

सोयीचा हा कागद आपल्याला नवा नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार भरपूर होते. १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या खांबावर नावं आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, आजोबा फौजेत. मग १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ नावाचं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. कारण काय? शौर्य कमी पडलं म्हणून? नाही. दुसऱ्या जातीचे शिपाई महार सुभेदाराला सलाम ठोकायला तयार नव्हते, त्यांची सोय बघितली. एका हुकुमानं आपली शाळा गेली, पगार गेला, पेन्शन गेली आणि गाठ पुन्हा गावकीशी.

त्या हुकुमाला उत्तर कुणी दिलं? दापोलीला राहणाऱ्या एका पेन्शनर हवालदारानं, गोपाळबाबा वलंगकरांनी. १८९४ साली त्यांनी अनार्य दोष-परिहार मंडळीच्या नावानं लष्कराच्या सेनापतीसाठी अर्ज तयार केला, मराठीत. पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा सरकारला आपण पुन्हा लढाऊ दिसलो. १९१७ ला महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडून टाकली. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट. गरज लागली की भरती, गरज सरली की घरी. अग्निपथला चार वर्षांची मुदत कागदावर लिहिली एवढाच फरक. आपल्या आज्यांना मुदत न सांगता काढलं.

वलंगकर, कांबळे हे काय करत होते? सरकारी हुकूम वाचत होते. त्याचा अर्थ वस्तीला सांगत होते, आणि त्या अर्थावर बोट ठेवून जाब विचारत होते. आपली चळवळ इथून सुरू झालीय, दोस्तांनो. आपण मात्र नोटिशीचा मधला भाग गिळतो.

भरतीचा कागद घरात येतो. दुसरा एक कागद गावावर येतो आणि त्याची खोड निराळी. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, खारे कर्जुने गावाशी के. के. रेंज आहे. रणगाड्यांचा, तोफांचा सराव चालतो. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतली गावं तिच्याभोवती. पेपरात एक चौकट येते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सराव, क्षेत्रात प्रवेश करू नये. २०२० साली तिथं हलकल्लोळ उडाला, तेवीस गावांच्या जमिनी जाणार म्हणून. पुढाऱ्यांच्या दिल्लीवाऱ्या झाल्या. त्या हलकल्लोळात शेतकऱ्याला पहिल्यांदा कळायला हवी होती ती गोष्ट ही, की फायरिंगसाठी जमीन अधिसूचित करणं वेगळं आणि संपादन करणं वेगळं. अधिसूचित म्हणजे सातबारा तुझ्याच नावावर, कसतोस तूच, पण गोळीबाराच्या दिवसांत तू, तुझी बायको, पोरं, गुरं बाहेर. संपादन म्हणजे सातबाराच गेला. पहिल्याला एक कायदा, दुसऱ्याला दुसरा. ज्याला हा फरक माहीत नाही तो पहिल्या कागदाला घाबरून जमीन फुंकून टाकतो, नाहीतर दुसऱ्या कागदाला सरावाची नोटीस समजून गप बसतो. दोन्हीकडं दलाल टपलेला.

पहिल्याचा कायदा इंग्रजांचा, १९३८ चा. लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांचा. साध्या भाषेत असा आहे: राज्य सरकार गॅझेटात छापून एखादा मुलूख काही वर्षांसाठी सरावाला नेमू शकतं. सरावाचे दिवस वेगळे जाहीर करावे लागतात. त्या दिवसांत धोक्याचा टापू ठरतो, कलेक्टर तिथं जायला बंदी घालतो, माणसं आणि जनावरं बाहेर काढतो. नुकसान झालं तर भरपाई आहे, पिकाचीच नव्हे, माणसाला आणि गुरांना बाहेर काढलं त्याचीही. ही शेवटची ओळ किती गावांना माहीत आहे? नोटिशीच्या चौकटीत ‘प्रवेश करू नये’ असतं. ‘भरपाई मागावी’ कुठं असतं?

आणि गंमत बघा. याच कायद्यात लिहिलंय की सरावाची आगाऊ नोटीस त्या भागातल्या भाषेत द्यायची, ठळक जागी चिकटवायची आणि दवंडी पिटवायची. दवंडी! १९३८ च्या गोऱ्या साहेबाला कळत होतं की गॅझेट कुणी वाचत नाही. त्यानं ढोल कायद्यात घातला. ढोल वाजवणाऱ्याला माणूस म्हणून वागवणं तेवढं घातलं नाही.

हा कागद नीट वाचला तर काय होतं त्याचं उदाहरण झारखंडात आहे. नेतरहाटच्या डोंगरात आदिवासींची २४५ गावं फायरिंग रेंजमध्ये नेमलेली. १९९४ च्या मार्चमध्ये सरावाला आलेल्या लष्कराच्या गाड्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी रस्त्यावर बसून परत पाठवल्या. त्यानंतर दरवर्षी २२ आणि २३ मार्चला लोक जमतात. लढाई रस्त्यावरची, पण नजर कागदावर. अधिसूचनेची मुदत ११ मे २०२२ ला संपते हे त्यांना पाठ होतं. मुदत वाढवू नका म्हणून पायी रांचीपर्यंत चालत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी मुदत वाढवणार नाही म्हणून जाहीर केलं. तारीख वाचली म्हणून हे जमलं. गॅझेटातली शेवटची तारीख ही आदिवासीच्या हातातली गोफण असते, फक्त ती तिथं आहे हे कळलं पाहिजे.

उधव्यावर तोफा नाहीत. पण या पट्ट्याला सरकार आणि बंदूक काय असते ते शिकवायची गरज नाही. १९४५ साली वेठबिगारी आणि लग्नगडीपणा यांविरुद्ध वारली उठला. तेव्हा जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत खोटा निरोप फिरवला की गोदावरीबाईंची सभा आहे, जमून या. तिकडं अधिकाऱ्यांना कळवलं की आदिवासी हल्ला करायला जमतायत. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. तलासरीत आजही त्या दिवशी लाल बावटे निघतात. मला त्यातून दिसतं ते हे की जिथं खरी बातमी कुणी माणसाच्या भाषेत सांगत नाही, तिथं जमीनदाराची अफवाच नोटीस होते. आजचा कॉम्प्युटरवाला आणि तेव्हाचा जमीनदाराचा गडी, दोघांचं भांडवल एकच, आपलं न वाचणं.

आणि ही हद्द. १९५४ पर्यंत पलीकडं पोर्तुगीज होते. जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगर हवेली मोकळी झाली. पोर्तुगालनं हेगच्या जागतिक कोर्टात खटला घातला, आमच्या लोकांना आणि फौजेला दमणहून हवेलीत जायची वाट भारतानं अडवली म्हणून. १९५५ च्या डिसेंबरात दावा, १२ एप्रिल १९६० ला निकाल, मधे दस्तांचे डोंगर. माझ्या वकील दोस्तानं म्हाताऱ्याला तो निकाल उधव्याच्या भाषेत असा सांगितला: साध्या माणसाला, मुलकी अंमलदाराला आणि मालाला वाट होती, शिपायाला, हत्यारबंद पोलिसाला आणि बंदुकीला नव्हती, आणि भारतानं वाट अडवली त्यात चूक केली नाही. म्हातारा हसला. म्हणाला, एवढंच होतं? एवढंच होतं बाबा. पाच वर्षांचा कागद एका श्वासात मावतो. मनात असेल तर.

आता आपल्या मंडळींना थोडं झोडतो. आपण भाषणं देतो, पोस्टर लावतो, पुतळ्याला हार घालतो. वस्तीत कुणाकडं कागद आला तर ‘बघतो’ म्हणून खिशात घालतो आणि महिन्यानं धुण्यात सापडतो. कवितेत व्यवस्थेचे चिंधडे उडवणारा आपला कवी रेशनकार्डाच्या नोटिशीपुढं ठोंब्या होतो. मी त्यातलाच. शिकलेल्यांनी आपल्याला धोका दिला असं बाबासाहेब आग्र्याला म्हणाले, ते आपण दरवर्षी दुसऱ्यांना उद्देशून म्हणतो.

उधव्यात बसून आम्ही जे शिकलो ते सांगतो, मोडकंतोडकं का होईना. कागद हातात आला की आधी शेवट बघायचा, सही कुणाची आणि तारीख कोणती. तारीख उलटलेली असेल तर कागद मेलेला, मेलेल्याला घाबरायचं नाही. मग कायदा आणि कलम. कलम लिहिलेलं नसेल तर कलम कुठलं ते लेखी विचारा. मग ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यातला फरक. ‘करील’ ही जबाबदारी, ‘करू शकेल’ ही मर्जी. भरपाईपुढं यातलं काय लिहिलंय ते बघा. आणि सवलतीचे तक्ते. तक्ता वगळून कागद वाचला म्हणणारा खोटं बोलतो. तलासरीसारखा अनुसूचित भाग असेल तर आणखी एक गोष्ट: जमीन संपादनाच्या आधी ग्रामसभेला विचारावं लागतं, १९९६ च्या पेसा कायद्यानं. कागदात ग्रामसभेचा उल्लेखच नसेल तर तिथंच बोट ठेवायचं. आणि वाचून दाखवताना आपलं मत शेवटी. आधी कागद काय म्हणतो ते, आपल्याला न आवडणारंही. विम्याचे ४८ लाख लपवून पोराला अडवणारा कार्यकर्ता आणि पेन्शन नाही हे लपवून पोराला पाठवणारा जाहिरातवाला, दोघेही त्याला आंधळाच ठेवतात.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. बापानंही. बापानं एकच विचारलं, चार वर्षांनी हा पंचविशीच्या आत घरी येणार, तेव्हा सिल्वाशाचा कंत्राटदार याला परत घेईल का? केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखल्याचं सरकारनं जाहीर केलंय, ते आम्ही सांगितलं. त्याचंही सगळं वाचावं लागेल, हेही सांगितलं. पोरगा म्हणाला, दादा, फॉर्म मीच भरतो, मोबाईलवर. अडीचशेच ना? आता परीक्षा मराठीतही देता येते हे त्याला माहीत नव्हतं. तेही सांगितलं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावला तर पूर्ण गुण, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो यायच्या आधी रस्त्यावर पळत होता. आम्ही जीपची वाट बघत उभे होतो. आमच्यातल्या एकानं मोबाईलवर वेळ लावली. सहा मिनिटं दहा सेकंद.

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. पाड्यावरच्या आणखी तीन घरांत कागद आहेत असं कळलंय, त्यातला एक बुलेट ट्रेनच्या जमिनीचा. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, कायदा थोडा कळतो आणि रविवार मोकळा आहे त्यांनी कचेरीत नाव द्यावं. डब्बा आपापला आणायचा.